स्लॅबवरची विष्णुक्रांता

मित्रांनो, मी आता बरीच जुनी झाले आहे. माझे नाव विष्णुक्रांता, पण रामाकोना गावातल्या शेताच्या ज्या खडकाळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी जन्मले, तिथे मला या नावाने कोणी ओळखत नव्हते. शेजारच्या संत्र्यांना पाणी, खत, राखण सगळे मिळे. माझ्या वाट्याला मुरूम आणि ऊन आले. त्यावरच मी वाढले. जमिनीला अंग टेकवून पसरायचे, मूळ खोल न्यायचे आणि सकाळी नखाएवढी निळी फुले उघडायची, इतकेच मला येते. दुपार झाली की फुले मिटतात. मग मी वाळल्या गवतासारखी दिसते.

मला सौंसर शहरात आणले उर्मिलाने. ती शाळेत शिकवते. तिचे सासरे रघुनाथराव लकव्याने अंथरुणाला खिळलेले. त्यांची खोली थेट स्लॅबखाली, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी. दम्यामुळे कूलरची ओली हवा त्यांना सोसत नव्हती. "मले बाहेर न्या नं," असे ते दिवसभर म्हणत. बाहेर तरी कुठे नेणार? बाहेरही आगच होती.

उर्मिलाने स्लॅबवर जाड प्लास्टिक अंथरले, त्यावर विटांचे तुकडे आणि मुरूम पसरला, आणि नर्सरीतली हिरवळ लावली. तिचा नवरा गजेंद्र म्हणाला, "स्लॅब पाझरला तं मले नोको सांगजो." स्लॅब पाझरला नाही, पण हिरवळ चैत्रातच जळून गेली. तेव्हा तिला सासरच्या शेताच्या धुऱ्यावरची मी आठवले.

मी जगले. नुसती जगले नाही, दोन पावसाळ्यांत सगळे छत झाकले. उन्हाळ्यात माझी पाने झडली, तरी काड्यांची दाट चटई मुरमावर राहिली. त्या वर्षी रघुनाथरावांना पहिल्यांदा दुपारी झोप लागली. उठल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, वरतं मांडव टाकला का वो तू?" पुढे नगरपालिकेची माणसे एका सकाळी वर आली. माझा निळा गालिचा बघून म्हणाली, ही तर रस्त्याच्या दुभाजकावरही लावता येईल. मला फार बरे वाटले. धुऱ्यावर माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नव्हते.

मग दिवाळी आली. रघुनाथरावांच्या पत्नी कलाबाई शेत सांभाळायला रामाकोन्यालाच राहत. त्या दुपारच्या बसने आल्या. उर्मिला बाजारात गेली होती. साफसफाईसाठी गोधड्या वाळवायला त्या पहिल्यांदाच वर चढल्या आणि त्यांना मी दिसले. माझी फुले मिटलेली होती. ज्या हातांनी जन्मभर कपाशीतले तण निंदले, ते हात गप्प कसे बसणार? त्यांनी पदर खोचला, एका कडेपासून पात धरली आणि निंदत निघाल्या. त्या गुणगुणत होत्या. राग नव्हता त्यांच्या मनात. सुनेला मदत होईल, एवढेच होते.

उर्मिला बाजारातून परतून चहा घेऊन वर आली, तेव्हा कोपऱ्यात माझा ढीग पडला होता.

"आई, हे का केलं तुम्ही?"

"काहून? निंदून देलं. केवढा कचरा माजला होता वो! दिवाळीत लोकं का म्हणतीन, मास्तरीणबाईच्या घरावर रान उगवलं?"

"तो कचरा नव्हता, आई. त्याच्या आसऱ्यानं बाबा दुपारी झोपून राहिले होते."

कलाबाई हसल्या. "घ्या! आता कचऱ्यानंबी झोप लागते म्हणा."

उर्मिला हसली नाही. तिने चहा खाली ठेवला आणि ढिगातली एकेक काडी पुन्हा मुरमात खोचू लागली. मुळे तुटली होती. त्यातले काहीच जगले नाही. टाकीच्या नळाखाली कलाबाईंचा हात पोचला नव्हता, तेवढीच मी उरले.

फाल्गुनात खोली पुन्हा तापू लागली. "मले बाहेर न्या नं," हे पुन्हा खालून ऐकू येऊ लागले. कलाबाई रामाकोन्याला परतल्या नाहीत. त्या नवऱ्याजवळ बसून पंख्याने वारा घालतात. एका सकाळी त्या वर आल्या. नळाच्या थेंबांवर मला चार फुले आली होती. त्या वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अवं बाई, हिले तं मी जलमभर उपटलं."

आता त्या रोज येतात. माझ्याभोवतीचे गवत काढतात. काढता काढता बोटे माझ्यावर येतात आणि थबकतात. मी मात्र दर वेळी मुळापर्यंत आकसते. मी हातभर पसरले आहे. खालची खोली मोठी आहे, आणि चैत्र लागला आहे.

मित्रांनो, मला उपटायला एक दुपार पुरली, पसरायला पावसाळे लागतील. कुठल्याही रोपाला हात घालण्याआधी एवढे तरी विचारा, की याच्या खाली कोण झोपले आहे?