एक चंद्रिका माझ्या वाटणीची

कीर्तनात बुवा अभंग लावून धरतात आणि मग म्हणतात, आता दृष्टान्त ऐका. दृष्टान्त गोड लागतो, कारण तो दुसऱ्याच्या घरचा असतो. हा माझ्या घरचा आहे.

कुंडलला आमचा ऊस. सून क्रांतीनं गेल्या वर्षी त्यातलं एक एकर मोडून तुती लावली, गोठ्यामागं पत्र्याची शेड उभी केली आणि त्यात रेशमाच्या अळ्या आणल्या. पोरगा जयराज पलटणीत, जम्मूकडं. सुटून यायला दीड वर्ष उरलेलं. आमच्याकडं फौजेतून सुटलेला माणूस वर्षभरात पुण्याच्या कुठल्यातरी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. क्रांतीला ते नको होतं. ऊस दीड वर्ष वाट बघायला लावतो, अळी महिन्यात कोष देते, तुती पाणी थोडं पिते, अळ्यांचा केर शेताला आणि उरला पाला म्हशीला, असं तिचं सरळ म्हणणं. पण शेजारच्या शेतातल्या फवारणीचं औषध तुतीवर आलं आणि पहिली बॅच मेली. जयराजनं तेव्हाच सिक्युरिटीच्या कंपनीत नाव घालून ठेवलं. आता ही दुसरी.

माझी अडचण गळ्यात होती. तुळशीची माळ. पंधरा वर्षं गावच्या सप्ताहात वीणा माझ्याकडं. मुंगीला वाट देऊन चालणारा मी. कोष बाजारात गेले की आतल्या जिवासकट वाफेत घालतात, मगच धागा अखंड निघतो, हे कळल्यापासून मी शेडची पायरी चढलो नव्हतो. क्रांतीनंही कधी हाक मारली नाही.

चौथी कात टाकून अळ्या उठल्या, त्याच दिवशी मदतीला येणारी राजेश्वरी पाटात घसरली आणि पाय धरून बसली. पुढचा आठवडा म्हणजे अळ्यांचं खरं जेवण. जन्मभरात खातात त्यातला बहुतेक पाला त्या सात-आठ दिवसांतच. दिवसातनं तीनदा पाला कापायचा, वाहायचा, पसरायचा. क्रांतीनं दोन दिवस एकटीनं ओढलं. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं ताट ठेवताना तिच्या बोटांना बांधलेली फडकी दिसली. भाकरी काही गोड लागली नाही.

मी म्हणालो, "येतो मी. पर एक अट हाय. एक चंद्रिका माझ्या वाटणीची. तिच्यातला एकबी जीव बाजाराला जायचा न्हाई. उडून जाऊ देत."

चंद्रिका म्हणजे अळीला कोष विणायला देतात ते बांबूचं तट्ट, चकलीसारख्या वेटोळ्यांचं. क्रांती काहीतरी सांगायला थांबली, मग म्हणाली, "बरं, मामा. हात धुऊन आत या. अन् चंची भाईर ठेवा. तंबाखूचा हात लागला तर मरत्यात."

माळकरी माणसाला चंची कशाला, असं ती म्हणाली नाही. तेवढी तिची मर्यादा.

हजारो अळ्या पाला खातात त्याचा आवाज होतो. कीर्तन उभं राहायच्या आधी मंडपात माणसं सरकून एकमेकांना जागा करून देतात, तशी ती खसखस. पाच-सहा दिवस मी तंबाखूला शिवलो नाही. बुवांच्या सांगण्यानं जे झालं नव्हतं ते अळीनं करून घेतलं. मग अळ्या पिवळसर झाल्या, पाला सोडून माना वर करून डोलू लागल्या. आम्ही त्यांना वेचून चंद्रिकांवर सोडलं, आणि त्यांनी आपापलं दार आतनं लावून घेतलं.

माल चांगला निघाला. बाजारात व्यापाऱ्यानं कोष कानाशी हलवून बघितला आणि मान डोलावली. जयराज फोनवर म्हणाला, आणखी एक बॅच अशी निघू दे, मग कंपनीतलं नाव काढतो. फोन ठेवून क्रांती लगेच पुढच्या बॅचसाठी शेड धुवायला गेली. मी मात्र माझ्या अटीच्या पुण्यात होतो.

माझी चंद्रिका देवघरापुढं सोप्यात होती. पाच-सहा दिवसांनी सकाळी पूजेला बसलो होतो. अंगावर सप्ताहाच्या मंडळींनी वीणेसाठी दिलेलं रेशमी उपरणं. बघतो तर एका कोषाच्या टोकाला ओल धरलेली, आणि त्यातनं पांढरं पाखरू बाहेर येतंय. मग दुसरं, तिसरं. माझे हात आपोआप जुळले. तसाच उठलो, चंद्रिका उचलून तुतीच्या बांधावर नेऊन ठेवली आणि म्हणालो, जावा रं बाळांनो.

कुणीच गेलं नाही. पंख थरथरवत ती तिथल्या तिथं गोल फिरत राहिली. काही गवतात पडली. साळुंक्या उतरल्या आणि मला उमगेपर्यंत चार पाखरं त्यांच्या चोचीत गेली. मी अंगावरचं उपरणं ओढून चंद्रिकेवर पांघरलं.

क्रांती धावत आली. "त्यास्नी उडता येत न्हाई, मामा. हजारो वर्सं माणसानं पाळल्यात, इसरल्यात. खायला तोंडबी न्हाई. अंडी घालत्यात अन् चार-सा दिसात सपत्यात."

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी आत आला असता का?"

घरी आणून मी उपरणं उचललं. एक मादी त्याला चिकटून होती आणि कापडावर खसखशीएवढी अंडी मांडत होती, एकापुढं एक. मी बघत बसलो. हे उपरणं पांघरून मी जीवदयेवरची किती कीर्तनं ऐकली असतील! धागा कुठनं येतो, ते एकदाही मनात आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी शेवटचं पाखरू गेलं. क्रांतीच्या सांगण्यावरनं शेडपासून लांब खड्डा काढून, चुना टाकून पुरली. नाहीतर पुढच्या बॅचला रोग लागतो. उपरणं तिनं कोमट पाण्यात घासलं. बारीक ठिपके राहिलेच.

पाप लागलं का, ते मी अजून सांगू शकत नाही. बुवांना विचारलं, तर तेही बघू म्हणाले आणि खांद्यावरचा रेशमी काठ सारखा करू लागले.

पुढच्या अळ्या आल्या त्या सकाळी मी चंची कोनाड्यात ठेवली, हात धुतले. क्रांती दारात विळा घेऊन उभी होती.

"ह्या येळंला ठेवायची का चंद्रिका, मामा? तुमच्या वाटणीची?"

"नको," मी म्हणालो. "सगळ्याच माझ्या वाटणीच्या."

ती बांधाकडं चालू लागली. मी मागनं पाल्याची दोरी घेऊन निघालो.