सिद्रामप्पांचं माप

जुळे सोलापुरातल्या त्या वृद्धाश्रमात जेवणाच्या वेळी वास आला, की तोंडानं कोणी काही बोलत नसे. कोणी पंखा वाढवी, कोणी उदबत्ती लावी. माणसाला लाजवायची ही आपली सभ्य रीत! आपण सगळेच ती कधी ना कधी पाळतो.

वास सिद्रामप्पांच्या पिशवीचा होता. दुधनीत उभा जन्म तुरीच्या अडतीत घालवलेले हे गृहस्थ मोठे बोलके आणि खवय्ये. पंगतीत शेंगाचटणीचा डबा घेऊन सगळ्यांना आग्रहानं वाढायचा मान त्यांचाच. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शौचाची वाट पोटावरून काढून दिली. तिथं पिशवी चिकटवावी लागे. ती गळायला लागली, तसं व्यवस्थापक अण्णारावांनी त्यांचं ताट व्हरांड्यात लावलं. त्यांनाच बरं वाटेल, असं ते म्हणाले. कोणाला बरं वाटलं, ते तुम्हीच ओळखा.

सिद्रामप्पांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. पोटात गेलं नाही तर पिशवीत येणार नाही! भाकरी पुढे केली की ते हात हलवायचे, “ऊट बेडा, महानंदा. जेवण नको.” महिन्याभरात सदरा खांद्यावरून घसरायला लागला.

महानंदा त्यांची सेवा करणारी बाई. तिनं कधी नाक मुरडलं नाही, वडिलांचं करावं तसं केलं. पोटाची कातडी लाल होऊन सोलवटली, तेव्हा तिनं घरून खोबरेल आणलं आणि ते हलक्या हातानं लावून वर पिशवी चिकटवू लागली. कामातही नेटकी. ऑपरेशननंतर मिळालेल्या पुठ्ठ्याच्या साच्यावरून ती महिन्याभराच्या पिशव्यांची भोकं एकदम कापून ठेवायची. तरी पिशवी संध्याकाळपर्यंत सुटायचीच. मग ती देवाला बोल लावायची आणि दुसऱ्या दिवशी तेल जरा जास्त लावायची.

शेजारच्या खाटेवर हुसेनसाब असत. चाळीस वर्षं टेलरकाम केलेला माणूस. अण्णारावांनी खोली बदलून देऊ केली होती, पण एवढं छान घोरणारा शेजारी दुसरीकडे मिळायचा नाही, असं सांगून त्यांनी ती नाकारली. एका सकाळी महानंदा पिशवी बदलत असताना हुसेनसाबांनी पडद्याआडून विचारलं, “सिद्रामप्पा, मी बघू का जरा?”

“बघ की. आता लपवायचं काय राहिलंय?”

हुसेनसाबांनी चष्मा पुसला. आधी पोट बघितलं, मग कापलेलं भोक बघितलं आणि हा साचा कधीचा, असं विचारलं.

“ऑपरेशन झालं तवाचा हाय की,” महानंदा म्हणाली.

“बेटी, तवा सूज होती. आता पोटावरचं ते तोंड लहान झालंय आन् तू भोक जुन्याच मापाचं कापतीस. मधली कातडी उघडी पडते, तिच्यावर घाण येते, ती जळते. आन् तेलावर काही चिकटतं का? मी गिऱ्हाईकाचं माप दर वेळी नवं घ्यायचो. माणूस तोच असतो, अंग तेच नसतं.”

महानंदाचे हात थांबले. “म्हंजी मीच जाळलं व्हय ह्यास्नी?” ती रडायलाच लागली.

सिद्रामप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढं तेल आपल्याला लग्नातसुद्धा कोणी लावलं नव्हतं, असं म्हणून तिला हसवलं. चार महिन्यांत ते पहिल्यांदाच थट्टा करत होते.

पण आपण टेलर, डॉक्टर नाही, हे हुसेनसाबांना ठाऊक होतं. त्यांनी दोघांना दवाखान्यात धाडलं आणि अण्णारावांनाही सोबत जायला लावलं. तिथं अशा पिशव्यांचंच काम बघणाऱ्या उत्कर्षा सिस्टर होत्या. त्यांनी हुसेनसाबांचं म्हणणं खरं ठरवलं. नवं माप घेतलं. भोक त्या तोंडापेक्षा किंचितच मोठं ठेवायचं, कातडी साध्या कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करायची, तेल अजिबात नाही, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, हे सगळं त्यांनी महानंदाकडून करवून घेतलं. सिद्रामप्पांना उपाशी राहण्याबद्दल चांगलं रागावल्या. मग अण्णारावांकडे वळून त्यांनी विचारलं, महानंदा सुट्टीवर गेली की हे कोण करतं?

“पिशवी नीट बसली तर वास येत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “वास आला तर माणूस वाईट नसतो, आपलं काम चुकलेलं असतं.”

अण्णाराव खरोखर ओशाळले. त्याच आठवड्यात त्यांनी आश्रमातल्या आणखी दोन सेविकांना शिकायला पाठवलं आणि स्वतःही पिशवी बदलायला शिकले.

पंधरवड्यात कातडी भरून आली. त्या दुपारी व्हरांड्यातलं ताट अण्णारावांनी स्वतःच्या हातानं पंगतीत आणून ठेवलं. सिद्रामप्पा आले, पण बसले नाहीत. “चटणीचा डबा कुठाय?” त्यांनी विचारलं. डबा हातात घेऊन त्यांनी पहिला चमचा अण्णारावांना वाढला, नको नको म्हणताना दुसराही वाढला. मग महानंदासमोर येऊन बसले आणि म्हणाले, “आता मला वाढ. दोन भाकऱ्या.”

मंडळी, तुमच्याआमच्या घरातही असं कोणी असेल. माया हवीच, पण नुसत्या मायेनं भागत नाही, सेवाही शिकावी लागते. तेव्हा उदबत्ती शोधण्याआधी त्याला काय दुखतंय ते विचारा, जाणत्याकडून शिकून घ्या, आणि काही झालं तरी त्याचं ताट पंगतीतून उचलू नका.