संशयाची धून

बेळगुंदीत तेव्हा टीव्ही एकच, सुभेदार मारुतीरावांच्या घरचा, आणि त्यावर चित्र कमी, मुंग्याच जास्त. अँटेना कितीही फिरवली तरी माणसं धुरळ्यात सापडल्यासारखी दिसायची. आवाज मात्र खणखणीत. त्यामुळं रविवारी सकाळी लागणारी गुप्तहेराची मालिका भरमूनं वर्षभर कानांनीच पाहिली. कोण खोटं बोलतंय ते त्याला मागच्या संगीतावरनं कळायचं.

भरमूचा पाचजणांचा बँड होता. एरवी शेती, लग्नसराईत लाल कोट. तो क्लॅरिनेट वाजवायचा, साडू कल्लाप्पा ढोल. सिनेमातली तीच ती गाणी वाजवून भरमूला वीट आला होता. मालिका ऐकून त्यानं स्वतःची धून बांधली, संशयाची. क्लॅरिनेट खालच्या सुरात दबकत चालायची, मधेच थांबायची, आणि ढोलावर एकच ठोका पडायचा. गोठ्यात पहिली तालीम झाली त्या दिवशी म्हशीनं पान्हा चोरला. बायको मालुबाईनं सगळ्यांना गोठ्याबाहेर काढलं.

पुढं शहापूरच्या देवाप्पा विणकरानं मुलीच्या लग्नाला बँड सांगितला. सिनेमाची गाणी सोडून काही वाजवायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं. निपाणीचं वऱ्हाड वेळेवर आलं, पण भटजी आधीच्या लग्नात अडकले. दोन तास गेले. येत होती ती सगळी गाणी दोनदा वाजवून झाली. बँड गप्प झालेला बघून देवाप्पा आला.

"काय बी वाजव रं, पर गप बसू नको."

कल्लाप्पानं लांबनंच मान हलवून नको म्हटलं. भरमूनं क्लॅरिनेट तोंडाला लावली.

मांडवातला कलकलाट हळूहळू विरला. धून थांबली की जो तो शेजाऱ्याकडं बघायचा. भरमूला वाजवत फिरायची सवय. डोळे मिटून तो वराचे मामा आण्णाप्पा यांच्या पुढ्यात येऊन थांबायचा, कारण तिथं टेबलफॅन होता. मामांना ते कारण ठाऊक नव्हतं. पहिल्या फेरीला त्यांनी टोपी नीट केली. दुसऱ्या फेरीला पाणी मागितलं. तिसऱ्या फेरीला ढोलावर ठोका पडला आणि मामा उठून उभे राहिले.

"बंद करा ते. सांगतो. पोरगं मॅट्रिक पास न्हाय. दोनदा बसलंय."

घाबरून कल्लाप्पाच्या हातनं आणखी एक ठोका पडला, आणि देवाप्पा मटकन खाली बसला. मुलीचं वय एकोणीस सांगितलं होतं, ती तेवीस वर्षांची आहे, असं त्यानं जमिनीकडं बघत कबूल केलं. तेवढ्यात आचारी हात पुसत पुढं आला आणि साजूक तुपाच्या नावाखाली वनस्पती तूप घातल्याचं सांगून मोकळा झाला.

दोन्हीकडची म्हातारी माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. मग नवरी स्वतःच बाहेर आली. तिनं नवऱ्या मुलाला एकच विचारलं.

"तिसऱ्यांदा बसणार काय?"

"तुमी शिकवणार असला तर बसतो," तो म्हणाला.

ती मॅट्रिक पास होती. बायकांत हसू फुटलं, भटजी आले, अक्षता पडल्या.

देवाप्पानं मात्र भरमूच्या हातावर नारळ ठेवताना त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या लग्नसराईत शहापुरातनं एकही बोलावणं आलं नाही. भरमूनं क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. रविवारी तो मारुतीरावांच्या घरीही जाईना. मालुबाईला ते बघवेना. गोठ्यात वाजवा, म्हैस बघून घेईल, असं ती एकदा म्हणाली, तरी तो हलला नाही.

वैशाखात निपाणीहून त्या वऱ्हाडातले दोघे जण आले. भरमूनं आधीच सांगून टाकलं, आता फक्त सिनेमाची गाणी.

"लग्नाला दुसरा बँड ठरलाय," थोरला म्हणाला. "तुमी साखरपुड्याला या. तेवढी एकच धून पायजे. आनि मुलाकडच्यांच्या जवळ हुभं ऱ्हावा."

भरमूनं बांधलेली धून आजवर कुणी मागून घेतली नव्हती. मग त्यानं मालुबाईला चहा टाकायला सांगितलं आणि स्वतः शिडी लावून माळ्यावर चढला.

त्या वर्षी त्यानं अकरा साखरपुडे वाजवले. चार मोडले. त्यातल्या तीन मुलींच्या घरनं त्याला पेढे आले.