हर्षाचं हिमोग्लोबिन

हर्षा गेली एक्क्याऐंशी वर्षं पंधरा वर्षांचीच होती, आणि तिला एकदाची दहावी पास व्हायचं होतं. इच्छा एवढीशीच, पण रक्तपिशाचाच्या नशिबी ती सुखासुखी कुठली! आजवर सहा शाळा झाल्या. दर वेळी परीक्षेच्या तोंडावर कोणाला तरी संशय यायचा आणि हिला गाशा गुंडाळावा लागायचा. त्यामुळे नववीचा भूगोल तोंडपाठ, आणि दहावीचं पुस्तक अजून कोरं करकरीत.

मुलचेऱ्याजवळच्या या मुलींच्या निवासी शाळेत मात्र तिचं झकास बस्तान बसलं होतं. बाजारातला कोंबडीवाला मंगरूभाऊ दर गुरुवारी तिला डबाभर रक्त द्यायचा. आजीच्या औषधाला लागतं, असं तिने सांगितलं होतं, आणि त्या भल्या माणसाने कधी जास्त चौकशी केली नाही. शिवाय शेजारच्या खाटेवर डिंपल होती. डिंपलचे बाबा तलावात मासे धरायचे आणि डिंपल दिवसभर बोलायची. एवढ्या वर्षांत हर्षाला मिळालेली ही पहिली मैत्रीण, आणि हर्षाचा तिच्यावर भारी जीव होता.

मग कोंबड्यांवर रोग आला, बाजार बंद पडला, आणि हर्षा तीन आठवडे उपाशी राहिली. चेहरा पांढराफटक. प्रार्थनेला उन्हात उभी राहिली की धपकन खाली. दुसरीकडे कुठे असती तर लोकांनी मांत्रिक बोलावला असता. इथे घरोघरी सिकलसेलची आणि लोहाच्या गोळ्यांचीच चर्चा. अख्ख्या होस्टेलने एका सुरात निदान केलं, ‘पोरीच्या अंगात रक्त नाई!’ निदान अगदी बरोबर होतं, हीच तर पंचाईत. स्वयंपाकाच्या देवकाबाई तिच्या ताटात अंबाडीची भाजी डोंगराएवढी वाढू लागल्या, आणि वॉर्डन रंजीताबाईंनी सगळ्या शाळेचीच रक्ततपासणी ठेवली.

शुक्रवारी सकाळी सभागृहात दवाखान्यातल्या सिस्टरचं टेबल लागलं. बोटाला सुई, एक थेंब, यंत्रावर आकडा. हर्षाच्या बोटातून थेंब सोडा, वारासुद्धा निघाला नसता. मग जिल्ह्याचं हॉस्पिटल, मग न लागणारी नाडी, आणि मग ही सातवी शाळाही हातची जाणार. हर्षाचं नाव यादीत शेवटी होतं. ती रांगेच्या टोकाला उभी राहून खिडकीचे गज मोजत होती.

“काऊन व गज मोजून राह्यली?” पुढच्या डिंपलने वळून विचारलं.

हर्षाला बहाणा सुचेना. तिने खरं तेच कानात सांगून टाकलं. “डिंपल, मी माणूस नाई. मी रक्त पिते.”

“मले माहीत हाये,” डिंपल म्हणाली. “तुही वेणी रोज मीच घालते ना? आरशात नुसते माह्येच हात दिसत. मी हवाच विंचरून राह्यली होती. म्हणून त तो आरसा फोडला.”

त्या आरशापायी डिंपलने आठवडाभर संडास धुतले होते. कारण विचारलं तर ‘हातातून सुटला’ एवढंच म्हणाली होती. हर्षाला रडू आलं असतं, पण रडायलाही अंगात काही ओलावा लागतो.

“आता गप राह्य आन ओढणी पसर,” डिंपलने हुकूम सोडला.

आधी तिने स्वतःचा उजवा हात पुढे केला. आकडा आला बारा पॉइंट एक. मग ती गर्रकन हर्षाच्या पाठीमागे दडली. सिस्टरने सकाळपासून दीडशे बोटं टोचली होती, तिची मान काही वर होत नव्हती. हर्षाच्या ओढणीखालून डिंपलचा डावा हात बाहेर आला.

“हात चांगला गरम हाये व. ताप हाये का?”

“नाई सिस्टर,” हर्षा म्हणाली.

नेमकी तेव्हाच सिस्टरने मान वर केली. “तोंड पांढरं आन हात सावळा?”

“पावडर!” दारातून रंजीताबाई कडाडल्या. “होस्टेलात पावडर लावाची नाई म्हणून कितीदा सांगतलं!”

बोलणी खाऊन एवढा आनंद हर्षाला कधीच झाला नव्हता. यंत्र वाजलं. बारा पॉइंट एक.

“दोघीचं सारखंच कसं?” सिस्टर पुटपुटली.

“एकाच ताटात जेवतो ना आमी!” पाठीमागून उत्तर आलं. हे मात्र शंभर टक्के खरं होतं. ताट एकच, आणि दोघींच्या वाटचं जेवायची एकटी डिंपल.

व्हरांड्यात येईपर्यंत डिंपल हसून हसून खालीच बसली. कापूस कुठेतरी पडला होता, आणि तिच्या बोटावर पुन्हा टपोरा थेंब जमला होता. तिने बोट सरळ हर्षाच्या तोंडासमोर धरलं.

“घे. तीन हप्ते झाले तुले.”

भीती म्हणून तिच्या चेहऱ्यावर नव्हती. हर्षाचे सुळे शिवशिवले. आयुष्यात तिला कशाचीही इतकी ओढ लागली नव्हती, दहावीचीसुद्धा नाही. तिने ते बोट हातात घेतलं, ओढणीचं टोक त्यावर गुंडाळलं आणि घट्ट दाबलं.

“अवं, थोडंसं त घे!”

“नाई.”

“येत्या गुरुवारी बाजार भरते म्हणे. मंगरूभाऊले इचारलं मी.”

“मंग सहा दिवस काढते ना,” हर्षा म्हणाली. डिंपल तलावाबद्दल, सिस्टरच्या चष्म्याबद्दल, सगळ्या जगाबद्दल बडबडत राहिली. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी हर्षाने बोट सोडलं नाही.