तीन चमचे साखर

मी मर्व हॅलोरनचा टाइपरायटर बोलतोय. शिक्षणाचं विचारू नका. सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे, एवढीच माझी शाळा, तीही माझ्या दातांवर उलटी कोरलेली. कागदावर पडली की सुलटी होतात. माझ्या मालकाचं बरोबर याच्या उलट होतं. डोक्यात सुलटं असलेलं कागदावर पडता पडता वाकडं व्हायचं.

कारखान्यातून मी मेलबर्नच्या एका दुकानात आलो आणि तिथून एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. तिथे मर्वची आणि माझी गाठ पडली. उंच, हडकुळा, कानांवर लाल केस. टाइप करायचा दोन बोटांनी, कोंबडीनं दाणे टिपावेत तसा. मीही काही कमी नव्हतो. तो ऐन रंगात आला की दोन कळा एकमेकींत अडकवून द्यायचो. मग तो मला अशा शिव्या घालायचा की माझी घंटी आपसूक वाजायची. तेवढीच माझी करमणूक.

त्रेचाळीस साली त्याला युद्धाच्या बातम्या पाठवायला न्यू गिनीला धाडलं. अर्थात मलाही. असा ओला मुलूख मी पाहिला नव्हता. माझ्या रिबनीवर बुरशी धरली, पोटात मुंग्यांनी संसार थाटला. मर्वच्या बुटांना कोंब फुटायचे तेवढे बाकी होते. तो तंबूत खोक्यावर मला ठेवायचा आणि शिपायांना विचारायचा, "नाव काय गड्या? गाव कुठलं?" घरच्यांना पेपरात पोराचं नाव वाचायला मिळावं म्हणून. शिपाई रांग लावून नावं सांगायचे.

आता चुकीकडे येतो. तिच्याकडे यायचं नव्हतं म्हणून तर मुंग्यांचं सांगत बसलो.

डाकेचं विमान दुपारी चारला सुटायचं आणि मग आठवडाभर दुसरं नसायचं. लढाईला ही वेळ कोण सांगणार? म्हणून बातमीदार मंडळी एक युक्ती करत. जे तीनला घडणार असेल ते दोनलाच 'घडलं' म्हणून लिहून ठेवायचं. बहुतेक वेळा तसंच घडायचं. सगळे करायचे, कुणी बोलायचं नाही.

त्या दिवशी पाच जणांची तुकडी डोंगरापलीकडे टेहळणीला गेली होती. तीनला परतायची होती. साडेतीन झाले. बातम्या तपासून पुढे धाडणारा सेन्सॉरचा कॅप्टन तंबूत डोकावला.

"हॅलोरन, देतोस का? का विमानाला तुझ्यासाठी खुंटीला बांधून ठेवू?"

"पाच मिनिटं, साहेब. येतीलच ते."

"न येऊन जातात कुठे? तिकडे काय हॉटेल आहे?"

मर्वनं लिहिलं: पाचही जण परतले. चिखलानं माखले होते, पण हसत होते. त्यांतल्या गिप्सलँडच्या लेस पास्कोनं आल्या आल्या चहा मागितला, त्यात तीन चमचे साखर टाकली आणि म्हणाला, आईच्या हातचे खुसखुशीत स्कोन असते तर इथेच मुक्काम केला असता. झकास लिहिलं होतं. मीसुद्धा एकही कळ अडकवली नाही. चारच्या विमानानं बातमी गेली.

तुकडी संध्याकाळी परतली. चार जण. लेस नव्हता. दरीत कोसळला, मागे गोळीबार, त्याला शोधायलाही थांबता आलं नाही.

मर्वनं लगेच दुरुस्ती टाइप केली. सहा ओळी. पण ती पाठवली की आधी न पाहता लिहिलं होतं हे उघड होणार, परवाना जाणार, घरी रवानगी होणार. पुढच्या विमानाला तो कागद गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मर्वनं तो माझ्या पेटीच्या झाकणात, अस्तराखाली सरकवला. तेव्हापासून माझं झाकण जड झालं. लोखंडाला असं काही होत नाही म्हणतात. म्हणोत बापडे.

युद्ध संपलं. मर्व कादंबरीकार झाला. पहिलीच कादंबरी गाजली. लोक म्हणाले, किती खरं लिहितो हा माणूस. मी झाकणाखाली ऐकत होतो.

एक्कावन्न साली एक बाई दारात आल्या. डोक्यावर चर्चला घालायची टोपी, हातात पत्र्याचा डबा. मिसेस आयव्ही पास्को, लेसची आई. मर्वच्या बायकोनं, नॅन्सनं, त्यांना बसवलं. डब्यात स्कोन होते. पिशवीतून त्यांनी पिवळं पडलेलं कात्रण काढलं.

"तार आधी आली, मिस्टर हॅलोरन. लेस बेपत्ता, मृत असावा. आणि तुमचा पेपर बारा दिवसांनी. म्हटलं, मागाहून आलेलं ते खरं. सापडला असेल."

बातमी पुढे मेलबर्नच्या सेन्सॉरच्या टेबलावर पडून राहिली होती, म्हणून उशिरा छापली गेली. हे मर्वला ठाऊक होतं.

"गावात युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाचा दगड बसवलाय," बाई म्हणाल्या. "कमिटीवाले दर वर्षी येतात, लेसचं नाव कोरू का विचारतात. मी हाकलून देते. जित्या माणसाचं नाव कोरता होय रे, मेल्यांनो? आता ते मला बघून रस्ता ओलांडतात." त्या जरा हसल्या. मग आवाज खाली आला. "एकच विचारायचं होतं. लेस साखर घेत नसे. लहानपणापासून. कपबशी ढकलून द्यायचा. तुम्ही त्याला पाहिलंत ना? तोच होता ना?"

माझ्या साऱ्या कळा आ वासून बसल्या. आता बोल, मर्व.

"सैन्यात सवयी बदलतात, मिसेस पास्को," तो म्हणाला.

"तेच म्हटलं मी," बाई म्हणाल्या. जाताना त्यांनी माझ्या कागद सरकवणाऱ्या गाडीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. "यावरच लिहिलं का? नीट ठेवा हो याला."

दार लागलं. नॅन्सनं स्कोनचा डबा उचलला नाही.

"मर्व, तू त्या पोराला पाहिलं होतंस?"

मर्वनं माझं झाकण उलटं केलं, अस्तर फाडलं आणि तो कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला. पुन्हा वाचला.

"टाइप कर," ती म्हणाली. "आत्ता. मी इथेच बसते."

त्यानं बाईंना पत्र लिहिलं, खरं काय ते. जन्मभर खोड्या काढल्या, पण त्या दिवशी मी लोण्यासारखा चाललो.

महिन्यानं उत्तर आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं. मर्वनं ते माझ्याशेजारी उघडलं. "मिस्टर हॅलोरन, साखरेचं वाचलं तेव्हाच मनात आलं होतं. पण म्हटलं, एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला लिहील. दगड कोरणाऱ्याला बोलावलं आहे. पुन्हा पत्र पाठवू नये. डबा पोस्टानं परत करावा."

डबा नॅन्सनं घासून पाठवला. मर्वनं दुसरी कादंबरी लिहिली नाही. मरताना मला लेसच्या गावाच्या सभागृहाला देऊन गेला. सोबत तो सहा ओळींचा कागद. तो माझ्याशेजारी काचेखाली आहे, पण कुणी वाचत नाही. पोरं माझ्या कळा दाबून पळतात. मी अजूनही दोन अडकवून देतो. सवय.

खिडकीतून तो दगड दिसतो. नावं अक्षरांच्या क्रमानं आहेत. फक्त एक पास्को सगळ्यांच्या खाली, एकटा, बाकीच्यांहून ताजा कोरलेला. पाहुणे हसतात. कोरणाऱ्याला म्हणे एवढंही येत नव्हतं.

कधी इकडे आलात तर तुम्ही हसू नका. कोरणारा चांगला शिकलेला होता. त्या पोराला एवढी वर्षं दगडाबाहेर ताटकळत आम्ही ठेवलं. मी आणि माझ्या मालकानं.