टेलरकाकांच्या मापाचा अकॉर्डियन

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सुटकेस नाही. लोक मला सुटकेस समजून उचलतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी एक जुना अकॉर्डियन आहे. एका हाताला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, दुसऱ्या हाताला बारीक बटणं आणि मधे घड्याघड्यांचा भाता, असा माझा थाट.

तरुणपणी मी नाचाच्या हॉलमध्ये वाजायचो. माझा मालक जाडजूड होता, पण बोटं लोण्यासारखी! मला छातीशी धरलेला त्याचा एक फोटो माझ्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. तो म्हातारा झाला आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथे वरच्या फळीवर, काटे नसलेल्या घड्याळाशेजारी, मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. दुकानदार घड्याळ पुसायचा, मला नाही. याचा राग मला अजून आहे.

एक दिवस गळ्यात टेप अडकवलेले एक टेलरकाका आले. वय साठीला टेकलेलं, आयुष्यात कधी शिट्टीही धड वाजवलेली नाही.

"काहीतरी वाजवायला शिकायचंय," ते लाजत म्हणाले. "आमची ही काज-बटण करताना एक गाणं गुणगुणते. तिच्या वाढदिवसाला तेच वाजवायचं. तिला सांगायचं नाही हं!"

आणि काकांनी वाद्यं चक्क अंगावर घालून बघायला सुरुवात केली. व्हायोलिन मानेला टोचलं. गिटार लांबीला जास्त झाली. मोठा पितळी भोंगा कमरेत सैल पडला. मग त्यांनी माझे चामडी बंद खांद्यांवर चढवले आणि आरशापुढे उभे राहिले.

"वा! खांद्यात मस्त बसतोय. बांधा हाच."

"अहो, वाजवून तरी बघा!" दुकानदार म्हणाला.

"कोट काय वाजवून घेतात का?"

अशी माझी निवड झाली. कशी का असेना, फळीवरून सुटलो म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

पण पुढेच तर गंमत झाली. काकांनी झाकणावरचा फोटो आपल्या दुकानातल्या मोठ्या आरशाशेजारी लावला आणि मला अंगावर चढवलं. फोटोत पट्ट्या डावीकडे दिसत होत्या, आरशात उजवीकडे. टेलरचा जन्म आरशात बघण्यात गेलेला! "फिटिंग चुकतंय," असं म्हणून त्यांनी मला सरळ उलटा केला. बंद बसेनात, तर ते उसवून दुसऱ्या टोकाला शिवले. माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीतली अक्षरं डोक्यावर उभी राहिली, तर म्हणाले, "आरशात अक्षरं उलटीच दिसतात." मी जिवाच्या आकांताने ओरडलो. त्यांना वाटलं सूर लागला.

काकांचा रियाज सुरू झाला आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आले. एक गिऱ्हाईक बाहीला टाचण्या तशाच घेऊन पळालं. काकूंनी कानांत कापूस घातला, तोही पुरेना.

"अहो, हा भोंगा बंद करा नाहीतर नीट वाजवा!" एकदा त्यांचा संयम सुटलाच. "माझ्या वाढदिवसापर्यंत एक गाणं अख्खं वाजलं नाही, तर हा परत त्या दुकानात. सांगून ठेवते!"

मला ती फळी आठवली आणि भात्यातली सगळी हवा गेली. त्या दिवसापासून मीही जीव तोडून साथ दिली. उलटा तर उलटा! हळूहळू गाण्याला नाकडोळे फुटू लागले.

आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संगीताच्या एक निवृत्त बाई कोट घालून बघायला आल्या.

"अहो टेलर, तुम्ही हा उलटा धरलाय! फोटोतल्या माणसाचा उजवा हात तुम्हाला डावीकडे दिसतो. आरशात मात्र तुमचा उजवा हात उजवीकडेच दिसतो."

काकांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. बिचाऱ्यांनी लगेच बंद उसवून पुन्हा मूळ जागी शिवले.

वाढदिवसाला दुकानातच चार पाहुणे जमले, बाईही आल्या. काकांनी मला अगदी नियमाने, सुलट धरलं आणि सुरुवात केली. अरे देवा! बोटं नेमकी नको तिथे पडायला लागली. पाहुणे छताकडे बघू लागले. काका थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"राहू दे," बंद काढत ते म्हणाले. "उद्या परत देऊन येतो."

मला रडू फुटलं, पण ते सुद्धा बेसूर निघालं.

"थांबा," काकू म्हणाल्या. "रोज वाजवता ते कुठे गेलं? माझंच गाणं होतं ना ते?"

"तुला कळलं होतं?"

"कानात कापूस होता, दगड नव्हते."

"अगं, पण ते मी उलटा धरून वाजवत होतो."

"मग? इतकी वर्षं कोट काय सुलटे शिवलेत? उलटेच शिवता ना, आणि मग ते सुलटे होतात!"

काकांनी मला फिरवलं. बंद आता भलत्याच टोकाला होते, म्हणून काकूंनी मापाच्या टेपने मला त्यांच्या छातीशी आवळून बांधलं. आणि मित्रांनो, गाणं वाजलं! मधे एकदा मला धाप लागली, पण काकूंनी तेवढी ओळ गाऊन वेळ मारून नेली. बाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग त्यांचा पाय ताल धरू लागला. गाणं अख्खं झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी बंद तिसऱ्यांदा शिवले. काकूंनी शिलाई मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला, माझ्या नावाची पट्टी काढली आणि फिरवून पुन्हा बसवली.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य फळीवर पडलं असेल, तर त्याला खाली काढा. धूळ पुसा. पन्नाशी, साठी काहीही उलटलेली असो, खुशाल बेसूर वाजवा, पण वाजवा. आमचे हाल वाजवल्याने होत नाहीत, न वाजवल्याने होतात.

मला मात्र उलटा म्हणायचं नाही हं. नाव वाचून बघा, मी सरळ आहे.