व्याही गप्प बसले

मनुष्यजातीने आजवर जे जे महत्त्वाचं सांगितलं, ते शब्दांवाचूनच सांगितलं आहे. बत्तीस वर्षं दुभाष्याचं काम करून मी या निष्कर्षाला आलो. नोकरीत असताना हे बोलायची सोय नव्हती. आता सोय झाली, तर ऐकायला कुणी नाही. ताई तर मला पोपटच म्हणते.

"ए पोपटा, उद्या सकाळी ये," तिचा फोन आला. "पोरीचे होणारे सासू-सासरे येताहेत. ते बोलतील तेवढंच सांग. मनाचं घालू नकोस. आणि विनोद तर मुळीच नकोत."

गेलो. पाहुणे दोन विमानं आणि एक आगगाडी बदलून, तीस तासांनी थेट कोचावर येऊन टेकले होते. होणारे व्याही जन्मभर फेरीबोट चालवलेले, विहीणबाई शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. दोघांचे डोळे लाल. समोर भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दोन दिवस घर आवरून कंबर धरून बसलेले. ताईचीही तीच गत. मी निवृत्त असल्याने न राबताच दमलेलो. मुलामुलीला मुद्दाम बाहेर पिटाळलं होतं. मोठ्यांचं मोठ्यांनी बोलायचं, असं भाऊजींचं मत.

मागायचं एकच होतं. पोर एकुलती एक. लग्नानंतर जोडप्याने दोन वर्षं तरी याच गावात राहावं, मग खुशाल समुद्रापलीकडे जावं. या दोन वर्षांपायी भाऊजींची तीन आठवडे झोप उडाली होती.

भाऊजींनी विचारलं. मी सांगितलं. व्याह्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, नजर खाली घातली आणि गप्प बसले.

आता, त्यांच्या मुलखातल्या माणसांबरोबर मी पुष्कळ बैठका काढल्या आहेत. तिथे मोठ्या मागणीला पटकन होकार देणं म्हणजे ती उडवून लावणं. मागणी जेवढी वजनदार, तेवढा वेळ गप्प राहायचं आणि मग हो म्हणायचं. नाही म्हणायचं असलं, तर मात्र ते लगेच म्हणतात, माफी मागून.

आमच्या घरात तीन सेकंदांहून जास्त शांतता पडली, तर कुणीतरी उठून पंखा बंद पडला का ते बघतं.

"बरं, दीड वर्ष," भाऊजी म्हणाले.

मी सांगितलं. व्याही पुन्हा पहिल्यापासून गप्प बसायला लागले.

भाऊजींचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. काटा थांबेपर्यंत हात लावू नका, हे ते सगळ्या बाजारपेठेला बजावत आले आहेत. स्वतः मात्र कोचावर पुढे सरकले. "एक वर्ष. एक वर्ष तरी?"

"भाऊजी, जरा दम धरा," मी हळूच म्हणालो. "ते हो म्हणताहेत."

"हो म्हणताना तोंड असं होतं?"

"त्यांच्याकडे असंच होतं."

"पोपटा!" ताईने डोळे वटारले. "मनाचं नको म्हटलं ना!"

"अगं, मनाचं नाही, अनुभवाचं."

"तेही नको. आणि अहो, तुम्ही असे आवाज चढवून काय विचारताय? घाबरले ते."

"सहा महिने!" भाऊजी म्हणाले. आवाज आणखी चढला. ऐकणाऱ्याला भाषा येत नसली की आपण ती मोठ्याने बोलतो.

मी निमूटपणे सहा महिने सांगितले. व्याह्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. विहीणबाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी खालच्या पट्टीत दोन वाक्यं बोलल्या.

"काय म्हणाल्या?" ताई.

"बोलल्या तेवढंच सांगायचं ना?"

"सांग लवकर!"

"आमचं काही चुकलं का, म्हणाल्या. यांना मुलगी घरात इतकी जड झालीय का, की घटकाभरात दोन वर्षांचे सहा महिने केले?"

भाऊजींनी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. पुन्हा उघडलं, मिटलं. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले. ताईने पदर तोंडाला लावला. पंखा बघायला कुणी उठलं नाही. मी घड्याळ पाहिलं नाही, पण मिनिट सहज गेलं असेल, कदाचित दोन. आमच्या घराण्यात एवढी शांतता माझ्या माहितीत कधी झालेली नाही.

व्याही भाऊजींकडे एकटक पाहत होते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. समोरचा माणूस आता कुठे नीट बोलायला लागला, असा. त्यांनी उजवा हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

"दोन महिने?" भाऊजींचा आवाज फुटला.

"वर्षं," मी म्हणालो. "हे मनाचं आहे, वाटल्यास विचारून घेतो."

विचारलं. व्याह्यांनी मान हलवली, "वर्षं" म्हणाले, आणि घसा साफ करून सावकाश, गंभीरपणे आणखी एक वाक्य बोलले.

"आता काय?" भाऊजी पुन्हा कोचाच्या काठावर. "काही अट घातली का रे? सांग, जे असेल ते सांग."

"दहा मिनिटं कुठे आडवं व्हायला मिळेल का, म्हणताहेत."